चार वेळा सैल झालेला दोर

चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारात पिंपळाचे एक जुने झाड आहे. इंग्रजांविरुद्ध लढलेले गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी तिथे फाशी देण्यात आली. सरकारी कागदांतली हकीकत या तारखेला संपते. अहेरीपासून मूलपर्यंतच्या गावांत जी सांगितली जाते ती मात्र इथेच रंगात येते. तिच्यात दोर गळ्याला आवळतच नाही. एकदा नव्हे, चार वेळा तो सैल होतो आणि अखेर इंग्रजांना बाबुरावांना चुन्याच्या भट्टीत टाकावे लागते. दोर का आवळत नाही, याचेही उत्तर कथेत आहे. बाबुरावांवर ताडोबा देवाची कृपा होती. रानात भूक लागली असता बांबूच्या बेटात त्यांनी अळिंबी समजून भलतेच काही खाल्ले आणि त्यातून त्यांच्या अंगी अलौकिक बळ आले. खाल्ले ते नेमके काय, हे सांगणाऱ्यागणिक बदलते. सांगाडा मात्र तोच राहतो: देवाचे रान, रानातला पदार्थ, शस्त्राला आणि फासाला न जुमानणारे शरीर.

हाच सांगाडा हजारेक वर्षांपूर्वीच्या नॉर्वे आणि आइसलँडमध्येही सापडतो. तिथल्या कथांत 'बेरसेर्क' नावाचे योद्धे येतात. ते राजाचे निवडक लढवय्ये असतात. लढाईला तोंड लागले की त्यांना भान उरत नाही, ते ढालीच्या कडा दातांनी चावतात, लांडग्यासारखे ओरडतात, आगीने भाजत नाहीत आणि लोखंडाने कापले जात नाहीत. उन्माद ओसरला की ते लहान मुलासारखे निर्बळ होऊन पडतात. जगभरच्या वाचकांना हे योद्धे इतके आवडले की इंग्रजीत त्यांच्या नावावरून भान हरपून तुटून पडण्याचा वाक्प्रचारच रूढ झाला. या दोन परंपरांचा एकमेकींशी कसलाही संबंध नाही, आणि तो जोडण्याचा प्रयत्न पुढच्या पानांत केलेला नाही. तरीही त्या शेजारी ठेवून वाचाव्यात असे मला वाटते, आणि त्याला एक ठोस कारण आहे. उत्तरेकडे योद्धे आणि त्यांच्या कथा यांच्यामध्ये दोनतीनशे वर्षांचे अंतर आहे. मधले पुरावे जवळजवळ नाहीत, त्यामुळे कथेने वस्तुस्थितीवर नेमके काय केले ते मोजता येत नाही. चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर भागात, मात्र लढाईच्या तारखा, ठिकाणे, अधिकाऱ्यांची नावे हाताशी आहेत आणि दंतकथाही. उन्मादाची कथा कशी तयार होते हे तपासायला याहून चांगली जागा सहसा मिळत नाही. ती तपासली की माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. उन्माद ही त्या योद्ध्यांच्या लढण्याची रीत नव्हती. त्यांच्याविषयी बोलणाऱ्यांनी, आधी भीतीपोटी आणि मागाहून प्रेमापोटी, त्यांना तो दिला.

आधी उत्तरेकडचा पुरावा पाहू. बेरसेर्कांचा सर्वांत जुना उल्लेख इसवी सन ९०० च्या आसपासच्या एका स्तुतिकाव्यात येतो. नॉर्वेच्या हाराल्ड राजाचा दरबारी कवी थॉर्ब्योर्न हॉर्नक्लोफी याने ते रचले असे मानतात. त्यात एक युद्धकन्या डोमकावळ्याला राजाच्या माणसांविषयी विचारते आणि कावळा उत्तरे देतो. बेरसेर्क गर्जना करतात, लांडग्याची कातडी पांघरणारे भाले हलवतात, असे चित्र तिथे आहे. पण भान हरपल्याचा मागमूस त्यात नाही. उलट हे राजाचे विश्वासातले लोक आहेत, संकटाच्या वेळी राजा त्यांच्यावरच विसंबतो, असा कवीचा रोख आहे. विसंबून राहण्याजोगा माणूस आणि आपपर न ओळखणारा माणूस एकच कसा असेल? ज्या वर्णनाने बेरसेर्क जगभर गाजले ते आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लसन याचे, तेराव्या शतकातले. हाराल्डच्या काळाला तेव्हा तीनशे वर्षे उलटली होती आणि आइसलँड ख्रिस्ती होऊनही दोनशेहून अधिक वर्षे झाली होती. चिलखत न घालणारे, कुत्र्यालांडग्यांसारखे पिसाळलेले, ढाली चावणारे, अस्वलासारखे बलवान हे सगळे एकत्र स्नोरीकडे येते, आणि त्याच्या लेखी हे सामर्थ्य ओदिन देवाने आपल्या माणसांना दिलेले असते. 'बेरसेर्क' या शब्दाचा अर्थसुद्धा पक्का नाही. 'बेर' म्हणजे अस्वल धरले तर अस्वलाचे कातडे पांघरणारा, 'उघडा' धरले तर चिलखताविना लढणारा. विद्वानांत यावर आजही एकमत नाही. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ मध्ये सापडलेल्या बाराव्या शतकातल्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांमध्ये आपण ज्याला हत्ती म्हणतो त्या जागी योद्धे कोरलेले आहेत. त्यांतले काही ढालीची कड दातांत धरून, डोळे वटारून उभे आहेत. स्नोरीचा जन्म व्हायच्या सुमारास बेरसेर्क हे खेळण्यातले पात्र झालेले होते.

यानंतर विद्वानांनी जे केले ते मला सगळ्यात उद्बोधक वाटते. १७८४ मध्ये सॅम्युएल ओडमन या स्वीडिश पंडिताने असा तर्क मांडला की बेरसेर्क लढाईपूर्वी पांढऱ्या ठिपक्यांची तांबडी विषारी अळिंबी खात असावेत. सायबेरियातले शामन ती खाऊन तंद्रीत जातात, हे त्याच्या वाचनात आले होते. हा तर्क दोन शतके पाठ्यपुस्तकांपर्यंत झिरपत राहिला. २०१९ मध्ये कार्स्टेन फातुर या अभ्यासकाने अळिंबी बाजूला सारून खुरासानी ओव्याचे नाव पुढे केले. त्याने भ्रम होतो, वेदना बोथट होतात, वगैरे. दोन्ही तर्कांची अडचण एकच आहे. बेरसेर्कांनी लढाईआधी अमुक खाल्ले, असे जुने एकही कथानक सांगत नाही. म्हणजे चांद्याच्या कथेत जी अळिंबी मुळातच आहे ती उत्तरेच्या कथेत नव्हती, अभ्यासकांनी ती तिथे आणून ठेवली. एवढे धाडस माणसाच्या अंगी आपोआप येणार नाही, त्याने काहीतरी खाल्ले असले पाहिजे, ही शंका गावातल्या सांगणाऱ्यालाही येते आणि ग्रंथालयात बसलेल्या पंडितालाही. गावातला सांगणारा त्या पदार्थामागे निदान देव तरी उभा करतो. पंडित फक्त विष उभे करतो.

आता चांद्याकडे येऊ. भोसल्यांचे नागपूर राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, त्याबरोबर चांदाही कंपनी सरकारकडे गेला. गोंड जमीनदारांची वंशपरंपरेची सत्ता आणि नव्या अधिकाऱ्यांचा हुकूम यांची गाठ तेव्हापासून पडू लागली. बाबुराव मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातले. १२ मार्च १८३३ हा त्यांचा जन्मदिवस, किष्टापूर हे जन्मगाव. गोटूलात, म्हणजे गोंडांच्या युवागृहात, ते वाढले आणि रायपूरला इंग्रजी शिकून आले. सप्टेंबर १८५७ मध्ये त्यांनी पाचशे तरुणांचे 'जंगोम दल' उभारले असे सांगितले जाते. जंगोम या गोंडी शब्दाचा अर्थ जागृती, क्रांती असा करतात. दलाची पहिली मोठी चाल मात्र ७ मार्च १८५८ ची, राजगड परगण्यावरची. मधले पाचसहा महिने लक्षात घ्यावेत. याच काळात दिल्ली पडली होती, लखनौचाही निकाल लागत आला होता. बातमी ऐकून पेटून उठलेला आणि भान हरपलेला माणूस सहा महिने थांबत नाही. पुढे १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ चांद्याचा इंग्रज अधिकारी कॅप्टन क्रिक्टन याच्या फौजेशी लढाई झाली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव सामील झाले. दलात गोंडांबरोबर रोहिलेही होते. मार्चमध्येच गढीसुर्ल्याच्या डोंगरावर, एप्रिलमध्ये सगणापूर आणि बामनपेठ इथे चकमकी झडल्या. गढीसुर्ल्याला डोंगरमाथा धरून खाली दगड लोटले गेले. तोकड्या शस्त्रांच्या सैन्याने उंचीला शस्त्र केले, याला युद्धकला म्हणतात.

२९ एप्रिलची घटना तर या वादाचा निकालच लावते. प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी इथे तारखात्याच्या माणसांचा तळ होता. दलाने त्याच्यावर छापा घातला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. तारेची लाइन म्हणजे सरकारचा आवाज. उत्तर हिंदुस्थानातला उठाव मोडण्यात तारेचा वाटा किती मोठा होता, हे इंग्रजांनीच नंतर अभिमानाने सांगितले. घनदाट रानातल्या पंचवीस वर्षांच्या जमीनदाराने नेमके हेच लक्ष्य निवडले, हे काही योगायोगाने घडले नसावे. यानंतर इंग्रजांना बाबुराव रणात सापडले नाहीत. क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांना हाताशी धरले, आणि शस्त्राने साधले नाही ते दबावाने आणि फितुरीने साधले. भोपालपट्टणमला बाबुराव एकदा पकडले जाऊन निसटले आणि १८ सप्टेंबरला पुन्हा पकडले गेले. लक्ष्मीबाईंना पुढे जप्त जमीनदारीतली गावे बक्षीस मिळाली. व्यंकटराव बस्तरमध्ये आणखी दीड वर्ष टिकले. १८६० च्या एप्रिलमध्ये तिथल्या राजाने त्यांना पकडून दिले आणि त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. या सगळ्या हकिकतीत थांबणे आहे, जुळवाजुळव आहे, माघार आहे, जागेची पारख आहे. भान हरपणे कुठेही नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. आपण ज्याच्या आधारे बोलतो तो पुरावा बराचसा जिंकणाऱ्यांचा आहे. त्यांच्या लेखी हे बंड, ही लूट आणि हा गुन्हा होता. मग दंतकथा बाजूला ठेवून त्यांच्या कागदांवर भिस्त ठेवणे म्हणजे पुन्हा त्यांच्याच बाजूला जाऊन बसणे नाही का? इंग्रजांचा हेतू काय होता, बाबुरावांचा काय होता, हे त्या कागदांवरून ठरवले तर हा आक्षेप बिनतोड आहे. पण शत्रूच्या कागदातली एक गोष्ट नेहमी विश्वासार्ह असते, ती म्हणजे त्याला नाइलाजाने द्यावी लागलेली कबुली. सहा महिने एक माणूस हाती लागला नाही, त्याला पकडायला दुसऱ्या जमीनदारीची मदत घ्यावी लागली, त्या मदतीची किंमत गावांच्या रूपाने मोजावी लागली. हे नोंदवण्यात सरकारचा काही मोठेपणा नव्हता. तरीही नोंद झाली. वेड्या टोळीचा बंदोबस्त केला असे लिहिणे त्यांना अधिक सोयीचे झाले असते. उन्मादाला कारण लागत नाही, आणि कारण नसले की तक्रारीचीही दखल घ्यावी लागत नाही. मलायात याच साम्राज्याने 'अमोक', म्हणजे भान हरपून मारत सुटणे, या शब्दाखाली हिंसेच्या कित्येक घटना वैद्यकाच्या वहीत ढकलल्या आणि त्यामागे काय होते हा प्रश्न तिथेच मिटवला. शौर्याला उन्माद म्हणणे वरवर गौरवाचे वाटते, पण ते पत्करले की लढणाऱ्याचा निर्णय त्याच्याकडून काढून घेतला जातो, हे गौरव करणाऱ्यांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अंगात येणे ही या भागातली जिवंत गोष्ट आहे. गोंड-माडिया गावांत देव अंगात येतो, पेनच्या, म्हणजे गोंडी देवाच्या, उत्सवात माणूस घुमतो, आणि हे सगळे खोटे म्हणून झटकणारा माणूस या रानाला ओळखत नाही. मग तीच अवस्था लढाईत का येऊ नये? इथे आइसलँडचा जुना कायदा मदतीला येतो. ग्रागास नावाच्या या संहितेत बेरसेर्कासारखा उन्माद करणाऱ्याला तीन वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सांगितली आहे. आजूबाजूला हजर असणाऱ्यांनी त्याला धरून आवरले नाही, तर त्यांनाही तीच शिक्षा. ही तरतूद रणांगणाविषयीच्या कलमांत नाही. ती धर्मविषयक भागात, जादूटोणा आणि जुन्या देवांची पूजा यांच्या शेजारी आहे. म्हणजे बाराव्या शतकातल्या आइसलँडच्या माणसाला बेरसेर्काचा उन्माद म्हणजे घरी किंवा गावात, चार माणसांदेखत येणारी आणि माणसांनी धरून आवरायची अवस्था म्हणून ठाऊक होता. आपल्याकडे घुमणाऱ्याला धरायला दोघे उभे असतात, हे चित्र याहून फार वेगळे नाही. अंगात येण्याला जागा असते, वेळ असते, वाद्य असते, सांभाळणारे असतात. देव बोलतो, विचारलेल्याचे उत्तर देतो आणि जातो. तो तार तोडायची रात्र ठरवत नाही. माझा अंदाज असा की उत्तरेत दोन वेगळ्या गोष्टी, राजाचे निवडक शिपाई आणि जुन्या धर्मातली घुमण्याची अवस्था, ख्रिस्ती झालेल्या लेखकांच्या हातात एक झाल्या. त्यांना दोन्ही सारख्याच परक्या झाल्या होत्या. चांद्यात बाबुराव आणि ताडोबा हे दोघे एका कथेत आले ते मात्र परकेपणामुळे नव्हे. ताडोबा म्हणजे मूळचा तारू, वाघाशी झुंजताना पडलेला गावप्रमुख. तळ्याकाठी झाडाखाली त्याचे ठाणे झाले आणि अवघ्या रानाला त्याचे नाव मिळाले. लढून पडलेल्याला देव मानण्याची या मातीची रीत जुनी आहे. बाबुरावांना त्याच्या शेजारी बसवणे हा लोकांनी दिलेला मान होता.

लढताना माणसाला वेदना जाणवत नाहीत, भीती मावळते, वेळेचे भान जाते, हा तर साऱ्या जगाचा अनुभव आहे, असेही कोणी म्हणेल. ते खरेच आहे. आपण त्याला वीरश्री संचारणे म्हणतो. संचारणे हे क्रियापद देवासाठी वापरतात तेच, हेही खरे. पण वीरश्री निर्णयानंतर संचारते. १६६५ मध्ये पुरंदरावर मुरारबाजी देशपांडे सातशे निवडक माणसांनिशी दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडले. सभासदाच्या बखरीत खान त्यांना कौल देऊ करतो आणि ते तो धुडकावतात. म्हणजे पूर्ण शुद्धीवर, पर्याय समोर असताना केलेली ही निवड आहे. लोकांनी पुढे सांगितले ते हे की शिर तुटल्यावरही त्यांचे धड लढत राहिले. बखरीतला नकार आणि लोककथेतले धड या दोहोंत मोठा कोण, असे मला विचाराल तर मी नकाराकडे बोट दाखवीन. धडाला भीती नसते. मुरारबाजींना ती वाटू शकत होती.

मग दोर सैल होण्याच्या कथेचे काय करायचे? ती टाकून द्यायची का? मुळीच नाही. ती कशाविषयी बोलते हे मात्र नीट ऐकायला हवे. आइसलँडच्या ऐर्बिग्या सागेत, म्हणजे तिथल्या एका जुन्या गद्यकथेत, हल्ली आणि लेक्निर या दोन बेरसेर्कांची गोष्ट आहे. स्टिर नावाचा शेतकरी त्यांच्याकडून लाव्हाच्या दगडांतून रस्ता खोदून घेतो, नंतर त्यांना न्हाणीघरात कोंडतो, आत प्रचंड वाफ करतो आणि बाहेर येताना दोघांनाही मारतो. सरळ लढाईत ज्यांच्यापुढे टिकणे कठीण त्यांच्यासाठी वेगळी युक्ती लागते. तिथे तापलेले न्हाणीघर, इथे चुन्याची भट्टी. कथेचा साचा इतका जवळचा आहे की क्षणभर थक्क व्हायला होते. पण ऐकणाऱ्याचे मन कुठे उभे आहे ते पाहा. सागेत आपण स्टिरच्या चातुर्याकडे पाहतो. बेरसेर्क हे दांडगट पाहुणे, लेकीबाळींना मागणी घालणारे उपद्रवी लोक, आणि त्यांचा काटा निघाला याचे समाधान वाटते. या कथा जमीनजुमला असलेल्या घरांत सांगितल्या गेल्या. चांद्याच्या कथेत भट्टी पेटवणाऱ्याच्या बाजूला कोणीही नाही. दोर सैल होतो तेव्हा ऐकणारा मनातून दोराला साथ देतो. चार वेळा सैल होणे म्हणजे चार वेळा शिक्षा अमान्य होणे. ज्या न्यायालयात बाबुरावांच्या लोकांना बोलायला जागा नव्हती, त्याचा निकाल या कथेने रद्दबातल ठरवला आणि दीडशेहून अधिक वर्षे तो तसाच रद्द ठेवला आहे. बाबुराव कसे लढले हे ती सांगत नाही, ते काम मार्च-एप्रिल १८५८ च्या तारखा करतात. त्यांचा मृत्यू लोकांनी कसा स्वीकारला नाही, हे ती सांगते, आणि त्याबाबत तिच्याहून भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

पुढचे वाचताना वाचकाने दोन्ही साक्षी हाताशी ठेवाव्यात. बेरसेर्क वाचताना दर वेळी विचारावे: हे कोणी लिहिले, किती वर्षांनी, आणि त्याला या योद्ध्यांची भीती होती की अभिमान? आणि अहेरी, मुलचेरा, एटापल्ली, सिरोंचा, मूल या तालुक्यांतल्या वाचकांना एक विनंती. बाबुरावांची कथा आज जी छापली जाते ती बहुतेक मराठीत, एकाच वळणाने छापली जाते. घरातल्या जाणत्यांकडून ती गोंडीत ऐकून घ्या, गोंडीतच लिहून ठेवा, सांगणाऱ्याचे गाव आणि दिवस टिपा. रानात खाल्लेल्या त्या पदार्थाचे त्यांच्या तोंडचे नाव काय, दोर किती वेळा सैल झाला, भट्टी कोणी पेटवली, हे जसे सांगतील तसे लिहा, दुसऱ्या गावाच्या कथेशी जुळवून घेऊ नका.